खिडकी उघडा, नाहीतर उठा!

एस.टी.त खिडकीची जागा मिळवण्यासाठी आपला माणूस काय काय करतो, हे मी वेगळं सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत तो बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकतो, टोपी टाकतो, पिशवी टाकतो आणि अगदीच वेळ आली तर पोटचं पोरगंसुद्धा आत टाकतो. खिडकी मिळाली की त्याचा चेहरा असा फुलतो, की जणू सातबाऱ्यावर नाव चढलं! आणि हाच माणूस विमानात काय करतो? जादा पैसे भरून खिडकीची जागा घेतो, ऐटीत बसतो, पट्टा बांधतो आणि विमान वर जाऊन स्थिरावलं रे स्थिरावलं, की खिडकीची झडप खाली ओढून घोरायला लागतो.

माझं म्हणणं पहिल्यालाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. विमानातली खिडकी ही पैसे भरणाऱ्याची नाही, बघणाऱ्याची आहे. ज्याला बघायचं नाही त्याने तिथे बसू नये. आणि ज्याला बघायचं आहे त्याने नुसतं 'विंडो द्या' म्हणून गप्प बसू नये. कुठल्या बाजूची, कितव्या रांगेतली, हे घरून ठरवून निघावं. मुलीला स्थळ बघताना आपण मुलाचं गोत्र, पगार आणि मावशीचा स्वभाव इथपर्यंत चौकशी करतो. ज्या खिडकीशी दीड तास संसार करायचा, तिची चौकशी करायला काय हरकत आहे?

या म्हणण्याला विरोध करणारे दोन पक्ष आहेत. पहिला वाटेकडच्या जागावाल्यांचा. आमची सौ. या पक्षाची. तिच्या मते खिडकीशी बसलेला मी पालीसारखा दिसतो. "वाटेकडे बसलं की पाय मोकळे करता येतात, बाथरूमला जाताना कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत आणि उतरायला लवकर मिळतं," असे तिचे तीन मुद्दे. पहिले दोन मला मान्य आहेत. तिसरा साफ अमान्य. विमानाची चाकं जमिनीला टेकली, की हे लवकर उतरणारे लोक ताडकन उभे राहतात आणि वरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून पंधरा मिनिटं तसेच उभे असतात. मग धावतपळत सामानाच्या पट्ट्यापाशी जातात. मी मागाहून सावकाश तिथे पोचतो, तेव्हा पट्टा रिकामाच फिरत असतो आणि ही मंडळी त्याच्याकडे बघत उभी असतात. बघायचंच होतं, तर वर असताना बघायचं!

दुसरा पक्ष जास्त घातक. तो म्हणतो, "अहो, बघायचंय काय? नुसते ढग!"

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भूगोलाचा आणि माझा संबंध दहावीला सुटला. पण हिशेब येतो, तो मांडतो. विमान ३५ हजार फुटांवर असलं, म्हणजे जमिनीपासून साधारण पावणेअकरा किलोमीटर वर असलं, तर तिथून क्षितिज चहूबाजूंना सुमारे ३७० किलोमीटरवर असतं. म्हणजे विमान पुण्यावर असताना, निदान हिशेबाने तरी, पणजी त्या वर्तुळात बसते. आता धूळ, धूर आणि धुकं यात बरीच कापाकापी करतात. पगाराचंही तसंच होतं. कागदावरचा वेगळा, हातातला वेगळा. पण म्हणून आपण हातातला पगार न मोजता खिशात टाकतो का?

उदाहरणादाखल मुंबई-नागपूर घ्या. नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांना जोडणारी सरळ रेघ मारा. सह्याद्रीत ही रेघ जवळजवळ हरिश्चंद्रगडावरूनच जाते. त्यामुळे हरिश्चंद्रगड डावीकडच्यांना दिसत नाही आणि उजवीकडच्यांनाही दिसत नाही. तो फक्त विमानाच्या पोटात ठेवलेल्या बॅगांना दिसत असावा. तिथेच रेघेच्या डाव्या अंगाला कळसूबाई आहे, १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि शेजारी भंडारदऱ्याचं पाणी. पुढे उजव्या अंगाला गोदावरीवरचा पैठणचा नाथसागर. आणखी पुढे, उजवीकडेच, रेघेपासून तीसेक किलोमीटरवर लोणारचं सरोवर. आकाशातून दगड आदळून काळ्या बसाल्टात पडलेला, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा हा खड्डा बघायला परदेशातून शास्त्रज्ञ येतात. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले. आणि त्याच्या शेजारून जाणारे आपण काय करत असतो? सँडविचचा कागद फाडत असतो.

वैमानिक काही पट्टीवरून विमान चालवत नाही, हे मला ठाऊक आहे. थोडं इकडेतिकडे होणारच. पण कळसूबाई डावीकडे आणि लोणार उजवीकडे, ही वाटणी साधारण कायम. म्हणजे नागपूरला जाताना लोणार हवं तर उजवी खिडकी, आपल्याकडच्या नेहमीच्या एकेरी वाटेच्या विमानात 'एफ' अक्षराची. परत येताना सगळं उलटं, तेव्हा लोणारला डावी, म्हणजे 'ए'. पण मुंबईत विमान पूर्वेकडून उतरलं, तर पवई आणि विहारचे तलाव दिसतात उजवीकडून! एका तिकिटात सगळं मिळत नाही. कोणाला तरी दुखवावंच लागतं. लग्नाच्या याद्या करणाऱ्याला हे कळेल.

दिशा ठरली की प्रश्न उन्हाचा. हा प्रश्न आपले पूर्वज बैलगाडीतसुद्धा सोडवून बसत आणि आपण विमानात सोडवत नाही. ऊन पाठीशी आणि देखावा पुढ्यात, एवढंच सूत्र. सकाळी सूर्य पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, आणि दुपारी आपल्याकडे वर्षाचा बराच काळ तो दक्षिणेकडे झुकलेला असतो. उन्हाच्या बाजूला बसलात तर डोळे दिपतात, काचेवरचा प्रत्येक ओरखडा उजळून निघतो आणि खालचा मुलूख दुधात बुडवल्यासारखा फिका दिसतो. सावलीच्या बाजूला बसलात तर तोच मुलूख धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ दिसतो.

सावलीच्या बाजूचं आणखी एक बक्षीस आहे. खाली ढग असतील तर त्यांच्यावर आपल्या विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती सप्तरंगी कडं दिसतं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दरीतल्या ढगांवर जे दिसतं आणि ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो, तेच हे. त्यासाठी ट्रेकवाले रात्रभर चिखल तुडवत गड चढतात, पाय मुरगळून घेतात आणि निम्म्या वेळा न बघताच परत येतात. तुम्हाला ते खुर्चीत बसून दिसू शकतं. फक्त सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी हवी आणि तिची झडप वर हवी. 'नुसते ढग' म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

तिसरा प्रश्न पंखाचा. नेहमीच्या जेट विमानात पंख खाली असतात. साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत बसलात, तर सबंध प्रवासात एकच देखावा: पांढरा पत्रा. पंखाच्या मागे बसलात तर इंजिनाच्या गरम झोतामुळे खालची जमीन, तापल्या तव्यावरून पलीकडे बघावं तशी, थरथरत असते. तेव्हा पंखाच्या पुढे बसावं. छोट्या गावांना जाणारं पंख्याचं एटीआर विमान मिळालं तर मात्र नाक मुरडू नका. त्याचा पंख खिडक्यांच्या वर असतो, खालचं दृश्य मोकळं. शिवाय ते २५ हजार फुटांच्या वर जात नाही, म्हणजे नद्या, धरणं, रस्ते जवळून दिसतात. लोक त्याला 'लहान विमान' म्हणून हिणवतात. माझ्या मते बघणाऱ्याच्या दृष्टीने तेच मोठं.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक: खिडकीच्या जागेला खिडकी आहे का? हसू नका. विमान बनवणारा खिडक्या साधारण वीस-एकवीस इंचांवर पाडतो. त्यात खुर्च्या बसवणारी कंपनी त्या अठ्ठावीस ते एकतीस इंचांवर बसवते. दोघांची पत्रिका जुळत नाही. त्यातून बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे भिंतीतून वातानुकूलनाचे नळ वर जातात, म्हणून तिथे खिडकीच गाळलेली असते. एका कंपनीने माझ्याकडून जादा पैसे घेऊन मला अशाच भिंतीशी बसवलं. मी हवाई सुंदरीला विचारलं, "बाई, ही विंडो सीट ना?"

"येस सर."

"मग विंडो?"

तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत गोड हसून म्हणाली, "सीट तर आहे ना, सर!"

आमच्या बँकेत ठेवीवर पावती दिली आणि ठेवच नाही असं झालं, तर दुसऱ्या दिवशी दारात पोलीस येतील. आकाशात मात्र हा व्यवहार राजरोस चालतो. ज्या जागेला खिडकी नाही तिला खिडकीची जागा म्हणून विकायला बंदी हवी, निदान तिचा 'भिंतीची जागा' असा स्पष्ट उल्लेख हवा. झोपाळू मंडळी ती आनंदाने घेतील. त्यांना टेकायला भिंतच तर हवी असते!

हिमालयाकडे जाणाऱ्यांनी तर हा अभ्यास केल्याशिवाय घराबाहेर पडू नये. दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालय उत्तरेला, म्हणजे डावीकडे. धौलागिरी, अन्नपूर्णा, मनास्लू ही आठ हजार मीटरवरची तीन शिखरं एकाच खिडकीतून दिसू शकतात, आणि सूर्य दक्षिणेकडे असला म्हणजे ऊन पाठीशी. दिशा आणि ऊन यांचं एवढं पटलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. येताना अर्थात उजवी खिडकी. दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीला जातानाही डावीच. हवा स्वच्छ असेल तर कांचनगंगा दर्शन देते. दिल्ली-लेहची विमानं बहुतेक सकाळची. ती उत्तरेला जातात, तेव्हा सूर्य उजवीकडे. म्हणजे उजव्या खिडकीतून बर्फ डोळ्यांत जातो आणि डाव्या खिडकीतून तो मनात जातो. आता या मार्गांवर उजवीकडे बसून 'काही विशेष दिसलं नाही हो' म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं? नाटकाला जाऊन पडद्याच्या मागे बसल्यासारखंच झालं.

आणि ही खिडकी आपल्याला फुकट मिळालेली नाही. विमान बांधणाऱ्याच्या दृष्टीने खिडकी म्हणजे भलत्या ठिकाणी पाडलेलं भोक. तिने विमानाचं वजन वाढतं, आणि भोकाभोवती मजबुती करावी लागते ती वेगळीच. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं तीन महिन्यांच्या अंतराने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली आणि त्यांतलं कोणीही वाचलं नाही. इंग्लंडमध्ये फार्नबरोला एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा कळलं की धातू थकतो, आणि खिडक्यांसारख्या भोकांच्या कोपऱ्यांशी ताण साठून तिथून तडा जातो. तेव्हापासून विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल ठेवण्याबद्दल कमालीची काळजी घेतात. आजही काचेच्या मधल्या थराला एक बारीक भोक असतं. ते हवेचा दाब बाहेरच्या थरावर जाऊ देतं आणि काचेवर धुकं धरू देत नाही. म्हणजे माणसं गेली, शहाणी माणसं वर्षानुवर्षं खपली, काच धुरकट होऊ नये म्हणून भोकसुद्धा पाडून ठेवलं. आणि आमचे साहेब तिच्यावर झडप ओढून मोबाइलवर सिनेमा बघतात!

झडपेच्या बाबतीत मी अगदीच हटवादी नाही. रात्रीचा लांबचा प्रवास असेल, कोणाला बरं नसेल, तर खुशाल बंद करा. २०२५ च्या मे महिन्यात संरक्षण खात्याच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, उतरताना आणि उडताना झडपा खाली ठेवण्याची सूचना निघाली होती. देशासाठी असेल तर माझी झडप सगळ्यांच्या आधी खाली. एरवी मात्र उडताना-उतरताना झडपा उघडाच ठेवायला सांगतात, त्या बाहेर काही विपरीत घडलं तर दिसावं म्हणून. म्हणजे संकट दिसावं म्हणून खिडकी उघडायची आणि सौंदर्य दिसू नये म्हणून बंद करायची, असा हा एकंदर न्याय!

मागे एकदा नागपूरहून मुंबईला येत होतो. यंत्राने मला वाटेकडची जागा दिली होती. मधल्या जागेवर नऊवारीतल्या एक आजी, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या, मुलाकडे निघालेल्या. खिडकीशी, 'ए' वर, कानात बोळे घातलेले एक गृहस्थ. विमान वर गेलं आणि गृहस्थांनी झडप ओढली. आजींनी थोडा वेळ त्या बंद झडपेकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आमचं गाव दिसन का जी इथून?"

"कुठलं गाव, आजी?"

"मेहकर. माहेर हाय."

मी मनातल्या मनात पट्टी लावली. मेहकर लोणारच्या उत्तरेला, आमच्या रेघेच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ. म्हणजे बरोबर त्याच बंद खिडकीखाली! मी गृहस्थांच्या खांद्याला हात लावून म्हणालो, "साहेब, दहा मिनिटं झडप उघडता का? आजींना माहेर बघायचंय."

त्यांनी एका कानातला बोळा काढला. "ऊन येतं. आणि मी या सीटचे पैसे भरलेत," म्हणाले, आणि बोळा परत घातला.

मुंबईत उतरताना हुकूम आला म्हणून झडप उघडली. खाली पत्र्यांचा समुद्र पसरला होता. आजी वाकून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "दिसलं जी. पण हे आमचं नाही."

आता या गृहस्थांच्या दोन्ही मुद्द्यांचा समाचार घेतो. ऊन येतं? दुपारच्या वेळी नागपूरहून पश्चिमेला येताना दक्षिणेची बाजू डावीकडे असते, हे शाळेतलं पोरही सांगेल. ऊन नको होतं तर 'एफ' घ्यायची होती. आणि पैसे भरलेत? भरले असतील. पैसे भरले म्हणून वस्तू वापरण्याचा हक्क मिळतो, वाया घालवण्याचा नाही. जेवणाचे पैसे भरले म्हणून पंगतीत ताटावर पालथा हात ठेवून झोपणाऱ्याला वाढपी काय म्हणेल? म्हणेल, "राव, उठा, मागे लोक उभे आहेत."

या बाबतीत बँकेचा कायदा विमानापेक्षा पुष्कळ शहाणा आहे. बचत खात्यात दोन वर्षं काहीच देवघेव झाली नाही, तर ते खातं आम्ही निष्क्रिय धरतो. दहा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ पासून त्यासाठी वेगळा निधीच आहे. मालकाचा हक्क बुडत नाही. तो जागा झाला, कागदपत्रं घेऊन आला, की त्याला त्याचे पैसे परत मिळतात. पण तो झोपलेला असताना पैसे नुसते पडून राहू देत नाहीत.

माझी मागणी एवढीच, की हाच नियम आकाशात लावा. दिवसाउजेडी झडप बंद करून जो दहा मिनिटं झोपेल, त्याची खिडकी निष्क्रिय समजावी. ती मधल्या जागेवरच्या माणसाकडे आपोआप वर्ग व्हावी; पहिल्यांदा विमानात बसलेल्याला अग्रक्रम. मूळ मालक जागा झाल्यास त्याने दोन ओळींचा अर्ज, ओळखपत्राची सत्यप्रत आणि 'मी आता बाहेर बघेन' असं हमीपत्र द्यावं. खिडकी तत्काळ परत. आमच्याइतके खेटे घालायला लावू नका म्हणजे झालं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा काचेसाठी एवढा त्रागा कशाला? त्रागा अशासाठी, की आपल्या देशात अजूनही पुष्कळ माणसं आयुष्यात एकदाच विमानात बसतात, आणि खिडक्या दर रांगेत दोनच असतात. ज्या मुलखात जन्म गेला, ज्याची ढेकळं फोडली, ज्याच्या नावाने भांडलो, तो मुलूख एका दृष्टीत बघण्याची संधी आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणालाही नव्हती. ती आपल्याला मिळाली आहे, दीड तासापुरती. ती झोपेच्या पायी घालवायची, आणि वर दुसऱ्यालाही घालवायला लावायची, याला मी तरी गैरवर्तनच म्हणतो.

मीही रोज एका खिडकीशीच बसतो. काचेपलीकडे रांग असते. त्या खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावून मी झोपलो आणि विचारणाऱ्याला सांगितलं, की ही खिडकी माझी आहे, मी परीक्षा देऊन मिळवली आहे, तर लोक काच फोडतील, आणि योग्यच करतील.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने 'विंडो की आइल?' विचारलं, तर तिला उलट विचारा: डावी की उजवी, पंखापुढे की पंखामागे, आणि भिंतीला काच आहे ना? ती गोंधळेल. गोंधळू द्या. मागे रांगेतले लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या. पण एकदा ती जागा घेतलीत, की झडप वर ठेवा, आणि शेजारच्याला दिसेल एवढं डोकं मागे घ्या. नाहीतर सरळ उठा आणि वाटेकडे बसा. झोपेचं काय हो, ती कुठेही लागते. दुपारी तीननंतर आमच्या बँकेत या, दाखवतो.